दहा नंबरचा पाना

फोरमननी हँगरचं कुलूप काढलं, दिवे लावले, अवजारांच्या फळीसमोर उभे राहिले आणि रोजच्यासारखं पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला लागले. हातोडी आहे. पक्कड आहे. छोटी पक्कड आहे. तिसऱ्या ओळीत बोट थांबलं. थोडं मागं गेलं, पुन्हा पुढं आलं आणि पुन्हा तिथंच थांबलं.

"पाना नाही," फोरमन म्हणाले.

"कुठला?" बरोबर येऊन एव्हाना विमानाच्या पोटाखाली शिरलेल्या माणसानं विचारलं.

"दहाचा."

"असेल इथंच कुठंतरी."

हे वाक्य त्या हँगरमध्ये बोलायची बंदी होती. लेखी नव्हती, पण होती. पोटाखालच्या माणसालाही बोलल्यावर ते कळलं, आणि तो गुपचूप बाहेर येऊन कपडे झटकायला लागला. हा माणूस म्हणजे फोरमनचे व्याही. तीस वर्षं दोघं एकाच कार्यशाळेत होते. फोरमन नटबोल्टवर, व्याही पत्र्यावर. तेव्हा सरळ अरे-तुरे होतं. मग एकाची मुलगी दुसऱ्याच्या घरात गेली आणि दोन्ही बायकांनी ह्यांना अहो-जाहो करायला लावलं. शांतता असेपर्यंत ते पाळलंही जायचं.

"व्याहीबुवा, नीट आठवा," फोरमन म्हणाले. "परवा संध्याकाळी शेवटचा पाना कुणी धरला होता?"

"तुम्हीच. आणि तुम्हीच टांगलात."

"टांगला तो हा." फोरमननी फळीवरच्या दहाच्या पान्यावर बोट ठेवलं. "आणि हा कुठाय?"

शेजारी, हुबेहूब तशाच पान्याची काळी आकृती रिकामी होती.

ही फळी काय प्रकार आहे ते सांगायला हवं. विमानाच्या कार्यशाळेत प्रत्येक अवजाराची आकृती फळीवर काळ्या रंगानं काढलेली असते आणि अवजार तिच्यावर टांगलेलं असतं. काम संपलं की फळीकडे बघायचं. काळं दिसलं, तर काहीतरी आत राहिलंय. विमानाच्या पोटात राहिलेला पाना एखाद्या तारेखाली जाऊन बसतो, आणि मग विमान वर जातं पण वळत नाही. म्हणून नियम असा की अवजार सापडेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही आणि त्यात कुणी बसायचंही नाही. फोरमननी चौतीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. निवृत्तीनंतर संग्रहालयात हौसेनं कामाला आले, तेव्हा येताना फळी करून घेऊन आले.

आता विमान काय प्रकार आहे तेही सांगायला हवं. त्यासाठी त्याच्यासमोरचा फलकच वाचलेला बरा.

*फलक क्रमांक सात. एकआसनी लढाऊ विमान. वैमानिकांनी प्रेमानं ठेवलेलं नाव: बदक. इंजिन शेजारच्या घोडीवर स्वतंत्र मांडले आहे. इंधनटाकी नाही. कृपया हात लावू नये.*

थोडक्यात, बदक कड्यावरून ढकललं असतं तरी उडालं नसतं. पण फोरमन रोज संध्याकाळी एका वहीत तारीख टाकून "उड्डाणास योग्य" असं लिहीत आणि खाली सही करत. संग्रहालयाच्या क्युरेटरबाईंनी सुरुवातीला एकदा विचारून पाहिलं होतं. "इंजिन बाहेर आहे ना, मग योग्य कसं?" फोरमन म्हणाले होते, "इंजिनची वही वेगळी असते." त्यानंतर बाईंनी विचारलं नाही.

बाई आता आल्या. इस्त्रीच्या कपड्यांत, हातात फुलांचा गुच्छ, मनगटावर आईनं दिलेलं लहानसं सोनेरी घड्याळ.

"सगळं तयार ना? अकराला येतायत ते."

ते म्हणजे कप्तान. वय वर्षं एकोणनव्वद. बदक जेव्हा खरोखर उडत होतं तेव्हा ते उडवणाऱ्यांतले आता हे एकटेच उरले होते. बाईंनी त्यांना सहा पत्रं पाठवली होती. सहाव्याला मुलीचं उत्तर आलं: "बाबा चार वर्षांत दवाखान्याखेरीज कुठंही गेलेले नाहीत. दिवसभर खिडकीशी बसतात, बोलत नाहीत. पण तुमचं पत्र उशाखाली ठेवलंय. एकदाच आणते. एक तास. त्यांना आत बसवा, एवढंच."

"बसता येणार नाही," फोरमन म्हणाले.

"काय?"

"एक पाना कमी आहे."

बाईंनी गुच्छ पंखावर ठेवला. फोरमननी तो उचलून परत त्यांच्या हातात दिला.

"अहो फोरमन, नव्वदीला आलेला माणूस आहे. नुसतं दोन मिनिटं बसायचंय. विमान उडणार नाहीये!"

"आज उडणार नाही, ठीक आहे," फोरमन म्हणाले. "पण म्हणून मी खोटी सही करू?"

"आपल्याकडे दहाचा पाना एकच होता," व्याही मधेच म्हणाले. "मला पक्कं आठवतंय."

"तुम्हाला आठवतंय. मलाही तसंच वाटतंय. आणि माणसाला असंच वाटतं, म्हणून तर फळी असते! डोक्यावर भरवसा ठेवायचा असता तर लोकांनी फळ्या कशाला रंगवल्या असत्या?"

सव्वानऊ वाजले होते.

फोरमननी आधी घरी फोन लावला.

"अगं, घरी दहाचा पाना आलाय का बघ."

"पाना नाही. तुमचा चष्मा सापडलाय, फ्रीजमध्ये. तो चालेल?"

"थट्टा करू नकोस. इथं विमान अडलंय."

"ते बारा वर्षं अडलेलंच आहे," पलीकडून आवाज आला आणि फोन बंद झाला.

मग ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली. *कृपया लक्ष द्या. कुणाला दहा क्रमांकाचा पाना आढळल्यास हँगर दोनमध्ये आणून द्यावा.* त्यावर एक गृहस्थ बावीसचा घेऊन आले. त्यांच्या गाडीतला होता. "दहाचा नाही, पण तुमचं काम अडू नये म्हणून," म्हणाले. फोरमननी तो कृतज्ञतेनं परत केला आणि गृहस्थ बाहेर जाईपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवली. परकं अवजार हँगरमध्ये राहून गेलं तर वेगळाच घोटाळा.

साडेनऊला बदकाच्या डाव्या बाजूचं पहिलं झाकण उघडलं. आत बॅटरी मारली. फोरमन वाकले, व्याही वाकले. दोघांचे हात कोपरापर्यंत जात होते, पुढं जात नव्हते.

"काहीतरी चमकतंय," व्याही म्हणाले.

"पाना?"

"चमकतंय एवढंच म्हटलं मी."

दोघांनी वळून क्युरेटरबाईंच्या हाताकडे पाहिलं. हात बारीक होता.

"नाही हं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाही वर केली आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. गाल पत्र्याला टेकला. चेहऱ्यावर बरेच भाव येऊन गेले. मग त्यांनी हात बाहेर काढला. हात काळा होता आणि त्यात एक पिवळी फणी होती.

फोरमननी फणी दिव्यासमोर धरली.

"बघा!" ते म्हणाले. "बघा म्हणजे! पन्नास वर्षं ही फणी आत आहे. फणी घेऊन विमान उडत होतं. कुणीतरी सही केली, आणि आत फणी!"

"ती पान्यापेक्षा हलकी असते," व्याही म्हणाले.

"फणी राहू शकते तर पाना का नाही? उघडा सगळी झाकणं."

झाकणं एकूण सतरा होती. व्याह्यांनी एकदा वर आढ्याकडे पाहिलं आणि कामाला लागले. बाई काही म्हणणार होत्या, पण तेवढ्यात त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"माझं घड्याळ," त्या म्हणाल्या. "आत गेलं."

फोरमननी वही उघडली आणि लिहिलं: *गहाळ वस्तू — दोन.*

ह्यापुढं क्युरेटरबाईंना विरोध करायला तोंड राहिलं नाही. घड्याळ घसरत घसरत वैमानिकाच्या आसनाखाली गेलं होतं. टिकटिक ऐकू येत होती, दिसत नव्हतं. आसनाखालचं बघायचं तर आसन काढावं लागतं. आसन काढायचं तर आधी काचेचं छत काढावं लागतं. छत काढायचं तर मागचे दोन पत्रे. व्याह्यांनी हे पत्रे आठ महिने खपून बसवले होते, एकेक रिव्हेट मोजून.

"हे पत्रे मी काढणार नाही," व्याही म्हणाले.

"मी काढतो मग."

"तुम्ही हात लावायचा नाही. तुम्ही पत्रा काढता म्हणजे डबा उघडता."

"मग काढा की!"

"एका पान्यासाठी? जो नव्हताच?"

"होता!"

"नव्हता रे! तुला कळत नाही का, नव्हता!"

अरे-तुरे झालं. म्हणजे प्रकरण फार पुढं गेलं होतं. फोरमन हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. त्या म्हाताऱ्याला आत बसायचंय. मी त्याला पायरीवर चढवणार, आणि तो माझ्याकडे बघणार. 'सगळं ठीक ना?' असं डोळ्यांनी विचारणार. सगळे वैमानिक विचारतात. तेव्हा मी काय करू? खाली बघू?"

व्याह्यांनी पत्रे काढले.

त्या दिवशीची अभिप्रायाची वही उपलब्ध आहे. त्यातली दोन पानं पुढीलप्रमाणे आहेत. *"विमान प्रत्यक्ष खोलून दाखवतात हे फार आवडलं. दर आठवड्याला दाखवावं."* आणि दुसऱ्या हस्ताक्षरात: *"विमान बघायला आलो. विमान नव्हतं, सुटे भाग होते. दोन म्हातारे भांडत होते. मुलांना घरी न्यायला त्रास झाला."*

अकराला पाच मिनिटं कमी असताना बदकाची अवस्था अशी होती: सतरा झाकणं फरशीवर एका ओळीत, छत गादीवर, दोन पत्रे भिंतीला टेकून, आसन हँगरच्या मधोमध. घड्याळ मिळालं होतं. पाना नव्हता. क्युरेटरबाईंचा एक हात काळा होता आणि कपाळावर त्याच हाताचा ठसा होता.

नेमके अकराला कप्तान आले.

काठी टेकत, मुलीच्या दंडाला धरून, हळूहळू. मुलगी साठीची, खांद्याला औषधांची पिशवी. दारात येऊन दोघं थांबले. मुलीनं विमानाकडे पाहिलं, म्हणजे जिथं ते असायला हवं होतं तिकडे पाहिलं.

"हे काय?" ती म्हणाली.

बाई पुढं झाल्या. "सर, तुमचं स्वागत... थोडी अडचण..."

फोरमननी त्यांना थांबवलं, टोपी काढली आणि स्वतःच पुढं आले. "बसता येणार नाही, साहेब. विमान मी अजून दिलेलं नाही."

"म्हणजे काय?" मुलीचा आवाज चढला. "चार वर्षांनी मी ह्यांना घराबाहेर काढलंय! जिने उतरवताना माझं काय झालंय ते मला माहीत. एक तास मागितला होता तुमच्याकडे. एक तास! तोही..."

"का नाही?" कप्तानांनी विचारलं. आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न वापरलेल्या बिजागरीसारखा. मुलगी बोलायची थांबली आणि वडिलांकडे बघायला लागली.

"अवजार कमी आहे," फोरमन म्हणाले.

"किती?"

"एक. दहाचा पाना."

कप्तानांनी मान हलवली. मग काठीनं मधोमध ठेवलेल्या आसनाकडे खूण केली.

"मग थांबायला हवं," ते म्हणाले. "मला तिथं बसव गं."

आसनात ते असे बसले, जसं कुणी आपल्या नेहमीच्या जागी बसतं. काठी मांडीवर आडवी ठेवली. "एकदा आम्ही चमच्यासाठी दोन दिवस थांबलो होतो," त्यांनी कुणालाच न उद्देशून सांगितलं.

"सापडला?" व्याह्यांनी विचारलं.

"सापडला. आचाऱ्याच्या खिशात. पण तोपर्यंत पावसाळी हवा आली होती, आणखी तीन दिवस गेले. लोकांना वाटतं वैमानिक उडत असतो. वैमानिक बसलेला असतो. हे लोक शोधत असतात, आणि तो बसलेला असतो."

मुलगी फरशीवरच्या झाकणांतून वाट काढत जवळ आली. "बाबा, तुम्ही हे कधी सांगितलं नव्हतं."

"कुणी काही हरवलं नव्हतं ना."

फोरमननी फणी पुढं केली. "ही आत निघाली, साहेब."

कप्तानांनी फणी लांब धरून पाहिली. "माझी नाही. माझे केस कुरळे होते, फणी चालायचीच नाही." त्यांनी तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "दुसऱ्या पाळीवाल्याची असणार. तो वर जायच्या आधी भांग पाडायचा. वर कोण बघणार होतं, तो जाणे."

व्याही खो खो हसले. मुलगी हसली. फोरमन सोडून सगळे हसले. फोरमन शेपटाकडच्या पोकळीत डोकं घालून होते. शोध चालू राहिला. कप्तान बोलत राहिले. बाराला मुलीनं औषध दिलं, ते त्यांनी बोलता बोलता घेतलं. तास केव्हाच उलटला होता.

साडेबाराच्या सुमाराला कप्तान बोलता बोलता थांबले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. म्हातारपणानं त्यांना ताटातलं दिसत नसे, पण लांबचं लख्ख दिसे.

"फोरमन," ते म्हणाले, "तुमच्या दहाच्या पान्याच्या शेपटाला खाच आहे का?"

"आहे. पूर्वी एकदा पडून टवका गेलाय."

"दुसऱ्याच्याही?"

"दुसऱ्याच्या म्हणजे?"

"ती रिकामी आकृती. तिलाही तिथंच खाच आहे."

फोरमन फळीजवळ गेले. टांगलेला पाना काढला. रिकाम्या आकृतीवर ठेवला. खाचेसकट बसला. परत आपल्या जागी ठेवला. तिथंही खाचेसकट बसला. एकाच पान्याच्या भोवती दोनदा कुंचला फिरला होता.

तेव्हा क्युरेटरबाई एकदम "अगं बाई" म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. पाहुणे येणार म्हणून कालच्या सुट्टीत त्यांनी फोरमनना न सांगता फळी रंगवून घेतली होती. त्यांनी रंगाऱ्याला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"हो बाई," रंगारी आनंदानं म्हणाला, "तिथं जरा मोकळं मोकळं वाटत होतं. म्हणून एक जास्तीचा काढला. ओळ भरून आली ना? आवडलं का साहेबांना?"

फोन बंद झाला. सतरा झाकणं, छत, दोन पत्रे, साडेतीन तास. व्याह्यांनी तोंड उघडलं. बोलायचा हक्क त्यांचा होता, सकाळपासून कमावलेला. त्यांनी फोरमनच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"खरं सांगू का," व्याही म्हणाले, "मलाही दोनच वाटत होते."

"खोटं बोलू नका," फोरमन म्हणाले. "तुम्ही तीनदा एकच म्हणालात. तिसऱ्यांदा तर अरे-तुरेत म्हणालात."

"रागात काय, माणूस काहीही बोलतो."

बाई माफी मागायला पुढं आल्या. फोरमननी हातानंच थांबवलं. "तुमची चूक नाही. फळी खरं बोलते असं मीच धरून चाललो. आता जोडायला घेऊ. बाई, तुमचा हात लागेल."

जोडायला चार तास लागले. कप्तान समोर बसून एकेक झाकण बसताना बघत होते, आणि प्रत्येकाच्या मागं काय असतं ते मुलीला सांगत होते. मुलगी गादीवर बसली होती. तिनं चपला काढून ठेवल्या होत्या. पाचला सगळं जागेवर बसलं होतं. फक्त आसन बाकी होतं, आणि त्यावर कप्तान होते.

फोरमननी हात पुसले, टोपी घातली, रिकामी आकृती पांढऱ्या रंगानं बुजवली. फळीसमोर पहिल्या ओळीपासून बोट फिरवलं. मग वही घेऊन कप्तानांसमोर उभे राहिले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

"अवजारं पूर्ण आहेत, साहेब. विमान तयार आहे. आसन लावतो, तुम्ही बसा, मी सही करतो."

कप्तान उठले नाहीत. ते मान किंचित तिरकी करून बदकाकडे बघत होते.

"किती वर्षं ह्याच्यात बसलो," ते म्हणाले, "पण आत बसलं की दिसतात चार काटे आणि स्वतःचे गुडघे. हे बाहेरून एवढं देखणं असेल असं वाटलं नव्हतं." मग त्यांनी एक डोळा मिटला. "फोरमन, डावा पंख जरा खाली आहे का हो?"

क्युरेटरबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "फरशी असेल तशी."

"फरशी असेल," कप्तान म्हणाले. "बघायला हवं."

फोरमननी पंखाकडे पाहिलं. खाली वाकून पाहिलं, लांब जाऊन पाहिलं. त्यांना पंख सरळ दिसत होता. पण ह्याच डोळ्यांनी सकाळपासून फळीवर दोन पाने पाहिले होते, आणि समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना वीस पावलांवरून टवका दिसला होता. शिवाय वैमानिकानं तक्रार सांगितली की ती तपासायचीच, हाही नियमच होता. त्यांनी उघडलेली वही सही न करता मिटली.

"चाकापासून बघावं लागेल," ते म्हणाले. "आज होणार नाही. आज तुम्हाला ह्यात बसवता येणार नाही, साहेब."

"नाहीच बसणार मी," कप्तान ठणकावून म्हणाले. "तपासल्याशिवाय कसा बसेन?"

मुलीनं वडिलांकडे पाहिलं. तिनं औषधांची पिशवी उघडून आत किती गोळ्या उरल्यात ते पाहिलं, ती बंद केली आणि चपला घालायला लागली.

"उद्या तुमचं किती वाजता उघडतं?" तिनं विचारलं.

"नऊला," बाई म्हणाल्या.

"आठला या," फोरमन म्हणाले. "नऊनंतर लोक येतात, कामात व्यत्यय होतो."

"आणि डबा घेऊन या," डाव्या पंखाखालून व्याह्यांचा आवाज आला. "ह्यांचं एका दिवसात होत नाही."